पजेरो इव्होल्यूशन: किट लावलेली नव्हे, डकारच्या नियमानं घडवलेली गाडी

प्रश्न विचारणाऱ्यांकडे भारतात विकली गेलेली मित्सुबिशीची पजेरो एसएफएक्स आहे. त्यांच्या मित्राचं म्हणणं असं की १९९७ची पजेरो इव्होल्यूशन म्हणजे साध्या तीन दारी पजेरोला फुगीर मडगार्ड आणि मागे पंख चिकटवून विकलेली शोभेची गाडी. डकार, म्हणजे तेव्हा आफ्रिकेच्या वाळवंटातून होणारी लांब पल्ल्याची शर्यत, जिंकलेली गाडी वेगळीच, नळ्यांच्या सांगाड्याची, आणि शोरूममधल्या गाडीशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही. हे खरं आहे का? खरं नसेल तर या गाडीच्या शर्यतींबद्दल फारसं वाचायला का मिळत नाही? आणि एसएफएक्सला तसं करून घेता येईल का?

मित्राचं म्हणणं एका गाडीला तंतोतंत लागू पडतं. फक्त ती गाडी १९९७ची नाही, २००३ची आहे. मित्सुबिशीनं दोन अगदी वेगळ्या गाड्यांना एकच नाव दिलं, दुसरी जास्त गाजली, आणि पहिलीचा इतिहास तिच्याखाली गाडला गेला. १९९७ची इव्होल्यूशन शर्यतीत उतरता यावं म्हणूनच विकायला काढलेली गाडी होती. त्याचा पुरावा मडगार्डात किंवा पंखात शोधू नका. तो गाडीखाली, मागच्या दोन चाकांच्या मधोमध आहे.

मी पुण्यात रॅलीसाठी चारचाकी गाड्या तयार करतो. जिप्सी, पजेरो, थार, गुरखा अशा गाड्या रेड दी हिमालय आणि राजस्थानातल्या डेझर्ट स्टॉर्मसाठी बांधल्या आहेत, तिथल्या सर्व्हिस पार्कमध्ये रात्ररात्र त्यांच्याखाली पडून काम केलं आहे. त्यामुळे मी उत्तराची सुरुवातही गाडीखालूनच करतो.

तुमची एसएफएक्स हिंदुस्तान मोटर्सनं चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर कारखान्यातून आणली. ती दुसऱ्या पिढीची पजेरो. बाहेरच्या जगात तोवर तिसरी पिढी विकायला आली होती, पण आपल्याला दुसरी मिळाली, आणि इव्होल्यूशनही दुसऱ्याच पिढीवर उभी आहे. म्हणून तुमच्याच गाडीशी तुलना करून पाहणं सगळ्यात सोपं. तुमच्या गाडीत २.८ लिटरचं टर्बो डिझेल इंजिन आहे, पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खालचे दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे कॉइल स्प्रिंगवर बसवलेला अखंड ॲक्सल. गाडी लिफ्टवर घ्या आणि मागून पाहा: डिफरन्शियलचा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या मिळून एकच दांडा. डावं चाक दगडावर चढलं की उजवंही कलतं.

ही रचना वाईट नाही. दगडधोंड्यांत हळू चालवायचं असेल तर मला आजही अखंड ॲक्सल आवडतो. एक चाक वर ढकललं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन धरून राहतं. हाऊसिंग दणकट असतं, बुश बदलणं सोपं, खेड्यातल्या गॅरेजातही काम होतं. पण वेग वाढला की याच ॲक्सलचं वजन अंगावर येतं. वाळवंटातला कच्चा रस्ता पत्र्याच्या पन्हाळीसारखा असतो, वाव-दोन वाव नाही तर शेकडो किलोमीटर. ताशी १२० किंवा १३०च्या वेगानं त्यावरून जाताना स्प्रिंगच्या खालचा सगळा भार, म्हणजे चाकं, ब्रेक, हाऊसिंग आणि डिफरन्शियल, सेकंदाला कित्येकदा वर-खाली आपटत असतो. शॉकॲब्सॉर्बरला तो जड दांडा वेळेवर थोपवता येत नाही. तेल तापून पातळ होतं, दाब हरवतो, आणि गाडी मागून नाचायला लागते. मग ड्रायव्हर कितीही धीट असला तरी पाय उचलतोच. लांबच्या शर्यतीत हा उचललेला पाय तासांच्या हिशेबानं महाग पडतो.

इव्होल्यूशनमध्ये मित्सुबिशीनं नेमका हाच दांडा काढून टाकला. मागे प्रत्येक चाकाला स्वतंत्र, मल्टिलिंक, म्हणजे अनेक आर्मनी धरलेलं, सस्पेन्शन दिलं. डिफरन्शियल चेसिसला टांगलं, म्हणजे ते स्प्रिंगच्या वर आलं आणि चाकांबरोबर आपटायचं थांबलं. पुढचे टॉर्शन बारही गेले आणि त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. मागच्या चाकाला पाव मीटरहून थोडी जास्त चाल मिळाली. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये एवढी चाल मिळवायची तर आर्म लांब लागतात आणि आर्म लांब केले की चाकं बाहेर जातात. ते फुगीर मडगार्ड आले ते यासाठी. रुंदावलेली चाकं झाकायला ते लागतातच. मित्राला जी नटवणूक वाटली ती आतल्या कामाची गरज होती.

दुबईत एका ओळखीच्या कारागिराच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेली खरी इव्होल्यूशन मला खालून निवांत पाहायला मिळाली. दुसऱ्या पिढीच्या पजेरोखाली आयुष्य घालवलेल्या माणसाला ते दृश्य चक्रावून टाकणारं आहे. शिडीसारखी चेसिस तीच, ओळखीची, पण मागच्या भागात क्रॉस मेंबर आणि आर्मचे टेकू पूर्ण वेगळे. कुणी हौशीनं नंतर बसवलेलं हे काम नव्हे. कंपनीनं त्यासाठी वेगळे साचे, वेगळे जिग केले असणार, आणि हा खर्च कुठलीही कंपनी शोभेसाठी करत नाही. मित्सुबिशीनं या सस्पेन्शनला वेगळं नावही दिलं होतं, ‘आर्मी’ (इंग्रजीत ARMIE). त्या आद्याक्षरांतलं शेवटचं अक्षर इव्होल्यूशनचं.

इंजिन ३.५ लिटरचं व्ही-६, कंपनीच्या भाषेत ६जी७४, पण डोक्यात चार कॅमशाफ्ट आणि मायव्हेक, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांनुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा. कागदावर ताकद २८० पीएस. त्या काळात जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेली मर्यादाच २८०ची होती, त्यामुळे हा आकडा सगळ्याच तालेवार जपानी गाड्यांवर दिसतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या ओढीचा, आकडा: ३४८ न्यूटन मीटर, तोही ३,००० फेऱ्यांवर. वाळूत वरच्या फेऱ्यांवर मिळणारी ताकद फार कामाची नसते. ढिगाऱ्याच्या उतारावर चाक रुतायला लागतं तेव्हा ॲक्सिलरेटर दाबताक्षणी ओढ मिळाली पाहिजे. टर्बो जागा व्हायची वाट पाहायला तिथे सवड नसते. टर्बो न लावता मोठ्या इंजिनातून मधल्या फेऱ्यांवर ओढ काढणं हा वाळवंट ओळखणाऱ्या माणसांचा निर्णय आहे.

त्याला जोड सुपर सिलेक्टची, म्हणजे दोन चाकांवरून चार चाकांवर नेणाऱ्या मित्सुबिशीच्या यंत्रणेची. तुमच्या गाडीतला लिव्हर तुम्ही रोज वापरता, तेव्हा त्याबद्दल वेगळं सांगायला नको. इव्होल्यूशनमध्ये त्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं फिरत राहू न देणारं) आलं. बॉनेट ॲल्युमिनियमचं, सीट रेकारोच्या, गिअर पाच, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. वजन तरीही दोन टनांच्या जवळपास. लहान व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), २,४२० मिलिमीटर, त्यामुळे वेगात ती शेपटी हलवते. अशी गाडी अनोळखी वाटेवर पळवायला हात चांगला लागतो.

आता ही गाडी विकावी का लागली, ते. १९८७ ते १९९० सलग चार वर्षं प्यूजोनं डकार जिंकलं, मग १९९१, १९९४, १९९५ आणि १९९६ला सित्रोएननं झेडएक्सवर. मधल्या १९९२ आणि १९९३च्या दोन शर्यती मित्सुबिशीच्या, ह्युबेर ओरिओल आणि ब्रुनो साबी यांच्या. या सगळ्या गाड्या प्रोटोटाइप होत्या. बाहेरून ओळखीच्या छोट्या गाडीचा चेहरा, आत शर्यतीसाठीच बांधलेला सांगाडा. खर्च बेसुमार वाढला होता आणि एका कंपनीनं मोठं पथक आणलं की बाकीच्यांनी हजेरी लावून परत जायचं अशी अवस्था आली होती. म्हणून १९९७च्या शर्यतीपासून कारखान्यांच्या पथकांना प्रोटोटाइपच्या वर्गात, म्हणजे टी-३मध्ये, बंदी झाली. सित्रोएन निघून गेली. कारखान्यांना राहिला टी-२: दुकानात विकली जाणारी गाडी घ्या, ठरवून दिलेल्या मर्यादेत तिच्यात सुधारणा करा.

हा नियम वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टी-२मध्ये शॉकॲब्सॉर्बर बदलता येतात, स्प्रिंग बदलता येतात, आत बसणाऱ्यांच्या रक्षणासाठी पिंजरा घालता येतो, टाकी मोठी करता येते. पण सस्पेन्शनची जातच बदलता येत नाही. शोरूममधल्या गाडीला मागे अखंड ॲक्सल असेल तर शर्यतीतही तोच. स्वतंत्र सस्पेन्शन हवं असेल तर एकच रस्ता उरतो: तसं सस्पेन्शन असलेली गाडी आधी गिऱ्हाइकाला विकायची. आणि ती दोन-चार विकून भागत नाही, ठरावीक संख्येनं विकावी लागते.

१९९७ची शर्यत पूर्णपणे आफ्रिकेतच झाली, डकारहून नायजरमधल्या अगादेझला आणि परत डकारला. केंजिरो शिनोझुका जिंकले, सहचालक आंरी मान्य. डकार मोटारीनं जिंकणारे ते पहिले जपानी. दुसरे ज्याँ-पिएर फोंतने, तिसरे साबी, तिघेही पजेरोत. शिनोझुकांबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण ते मित्सुबिशीचे नोकरदार होते, नोकरी सांभाळून शर्यतीत उतरलेले. १९९१ला आयव्हरी कोस्टची रॅली गॅलंटमधून जिंकून ते जागतिक रॅली अजिंक्यपदाची फेरी जिंकणारे पहिले जपानी ठरले आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा जिंकले. वेगासाठी जितके, तितकेच पडझडीसाठीही त्यांचं नाव होतं. त्यांच्या देशात त्यांना मोठा मान होता. २०२४मध्ये ते गेले.

एवढं यश मिळाल्यावर कुणी स्वस्थ बसलं असतं. मित्सुबिशीनं त्याच वर्षी शरद ऋतूत इव्होल्यूशन जपानमध्ये विकायला काढली. जानेवारी १९९८ला ती व्हर्सायहून डकारच्या वाटेला लागली. स्पेन, मोरोक्को, मॉरिटेनिया, माली, सेनेगल अशी सुमारे साडेदहा हजार किलोमीटरची वाट. मोरोक्कोत दगड, मॉरिटेनियात ढिगारे आणि उंटगवत. उंटगवत म्हणजे वाळूत गवताच्या झुपक्यांभोवती घट्ट झालेले कमरेएवढे उंचवटे, हजारोंनी, एकही ओळीत नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीला यातून चालण्याच्या वेगानं काढावं लागतं. प्रत्येक चाक वेगळं हलत असेल तरच थोडा वेग धरता येतो. आणि फेश-फेश, तो पिठासारखा बारीक धुरळा, वरून घट्ट दिसतो आणि चाक आलं की गिळून टाकतो. तिथे गाडी थांबली की संपली. तिथे ३,००० फेऱ्यांवरची ओढच उपयोगी पडते.

निकाल: फोंतने पहिले, शिनोझुका दुसरे, साबी तिसरे. पहिले तिन्ही मित्सुबिशीचे. फोंतने यांच्याबरोबर जिल पिकार होते. शोरूममध्ये येऊन जेमतेम काही महिने झालेल्या गाडीनं पहिल्याच डकारमध्ये हे केलं. त्या गाडीच्या इतिहासातला मध्यबिंदू हाच, आणि आज तो बहुतेक ठिकाणी ‘पजेरो, १९९८’ एवढ्या एका ओळीत संपतो. मला याचं खरंच वाईट वाटतं.

पुढची दोन वर्षं ज्याँ-लुई श्लेसर यांची. त्यांची बग्गी फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी, खासगी बांधणीची, म्हणून टी-३मध्ये चालू शकली. दोन चाकांच्या गाडीला नियम जास्त चाल आणि बाकी सवलती देत होता, आणि श्लेसर यांनी त्या सवलतींचा पुरेपूर उपयोग केला. १९९९ला त्यांच्यामागे मिगेल प्रिएतो आणि युटा क्लाइनश्मिट, दोघंही मित्सुबिशीत. या दोन वर्षांत मित्सुबिशी हरली असं म्हणतात, पण रस्त्यावरच्या गाडीवर बांधलेल्या मोटारीनं शर्यतीसाठीच जन्मलेल्या हलक्या बग्गीच्या मागे लागून राहणं हे मी तरी हार मानत नाही. नियमाच्या तराजूत एका पारड्यात जास्त वजन होतं.

२००१ला क्लाइनश्मिट पजेरोतून जिंकल्या. मोटारींच्या गटात डकार जिंकणाऱ्या त्या एकमेव महिला आहेत. शेवटून दुसऱ्या दिवशी हिरोशी मासुओका आघाडीवर होते. श्लेसर आणि त्यांचे सहकारी होसे मारिया सेर्विया यांनी आपल्या वेळेआधी सुरुवात करून मासुओकांच्या पुढे मुसंडी मारली. त्यांना गाठायच्या संतापात मासुओकांनी गाडीचं मागचं सस्पेन्शन मोडून घेतलं. श्लेसर यांना तासाभराचा दंड झाला, आणि सगळ्या गोंधळात शांतपणे गाडी चालवणाऱ्या क्लाइनश्मिट २ मिनिटं ३९ सेकंदांनी पहिल्या आल्या. हे नशीब म्हणून सोडून देणाऱ्यांनी एकदा सलग तीन आठवडे गाडी न मोडता चालवून पाहावं.

आता मित्राची गाडी. २००२नंतर नियमांनी पुन्हा वळण घेतलं आणि कारखान्यांना शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या आणता येऊ लागल्या. मित्सुबिशीनं नवी गाडी बांधली, कारखान्यातलं नाव एमपीआर-१०, आणि तिच्या अंगावर लिहिलं पजेरो इव्होल्यूशन. आतून ती पजेरो नव्हतीच. २००३ला मासुओका या गाडीतून जिंकले, मार्सेहून इजिप्तमधल्या शर्म अल-शेखपर्यंत. मग २००४, २००५ आणि २००७ला स्तेफान पेतरांसेल, २००६ला ल्युक आल्फाँ. २००१पासून सलग सात आणि एकूण १२ विजय, हा आकडा मित्सुबिशीच्या प्रत्येक जाहिरातीत दिसू लागला. २००३नंतरच्या गाड्यांचे फोटो, खेळणी, व्हिडिओ गेम हे सगळं भरपूर आहे. कुणी पजेरो इव्होल्यूशन शोधायला गेलं की पहिली समोर येते ती लाल, टपावर हवेचं तोंड असलेली, सांगाड्याची गाडी. मग तिच्याशेजारी १९९७ची तीन दारी गाडी पाहिली की मन साहजिकच म्हणतं, ही तर नुसती नक्कल. क्रम उलटा आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

विस्मरणाला आणखी कारणं आहेत. ही गाडी फक्त जपानमध्ये अधिकृतपणे विकली गेली. सगळ्या मिळून सुमारे अडीच हजार बांधल्या, १९९९पर्यंत. युरोपातल्या वाचकानं, जिथे डकारचं वेड सगळ्यात जास्त, ती रस्त्यावर पाहिलीच नाही. त्याच वर्षांत टॉमी मॅकिनेन लान्सर इव्होल्यूशनमधून १९९६ ते १९९९ सलग चार जागतिक रॅली अजिंक्यपदं जिंकत होते. इव्होल्यूशन म्हटलं की लान्सर, हे समीकरण त्या चार वर्षांत पक्कं झालं आणि पजेरोला तिथे जागा उरली नाही. शिवाय डकारची नोंद ठेवणारे पजेरो हे एकच नाव लिहितात. १९८५ला पात्रिक झानिरोली जिंकले ती पहिल्या पिढीची, १९९२-९३च्या प्रोटोटाइप, १९९८ची टी-२, २००३नंतरच्या सांगाड्याच्या गाड्या, सगळं एका नावाखाली. तंत्राच्या दृष्टीनं यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

त्या १९८५च्या शर्यतीत झानिरोलींच्या मागे दुसरे आले ते स्कॉटलंडचे अँड्र्यू कोवन. हे नाव मुंबईच्या जुन्या माणसांना आठवायला हवं. १९६८ची लंडन ते सिडनी मॅरेथॉन मुंबईला येऊन थांबली होती आणि इथूनच गाड्या चुसान जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला नेल्या होत्या. ती शर्यत कोवन यांनी हिलमन हंटरमधून जिंकली. पुढे त्यांनीच मित्सुबिशीचं युरोपातलं रॅलीचं पथक उभं केलं आणि चालवलं. ही शर्यत मुंबईला आली तेव्हाच्या आठवणी मी जुन्या मेकॅनिकांकडून ऐकल्या आहेत. पजेरोच्या शर्यतीच्या घराण्याचा एक धागा आपल्या बंदरातून गेला आहे, हे इथल्या पजेरोवाल्यांना सांगताना मला मनापासून आनंद होतो.

मित्राला आणखी एक मुद्दा सांगा. इव्होल्यूशन शर्यतीसाठी होती म्हणून ती बाजूला पडली असं झालं नाही. १९९९ला तिसऱ्या पिढीची पजेरो आली तिला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं. आपल्याकडे नंतर थोड्या संख्येनं विकली गेलेली मोंटेरो याच घराण्यातली. महामार्गावर मोंटेरोत मागे बसलेल्या माणसाला एसएफएक्सपेक्षा जो आराम मिळतो त्याची पहिली विकाऊ आवृत्ती इव्होल्यूशन होती. ज्या गाडीची मागची रचना दोन वर्षांत अख्ख्या मॉडेलची रचना होते तिला किट म्हणता येत नाही.

ओळखण्याबद्दल. परदेशात कुणी विकायला दाखवली तर आधी चेसिसचा कोड पाहा. खऱ्या इव्होल्यूशनचा कोड व्ही-५५-डब्ल्यू असतो. साध्या तीन दारी ३.५ लिटर पजेरोवर मडगार्ड आणि पंख बसवून तयार केलेल्या गाड्या बाजारात आहेत आणि फोटोत त्या हुबेहूब दिसतात. फोटो मागायचेच तर मागच्या डिफरन्शियलचा, खालून काढलेला मागा. दोन्ही बाजूंना उघडे ड्राइव्ह शाफ्ट आणि रबरी बूट दिसले पाहिजेत. अखंड हाऊसिंग दिसलं की विषय संपला. खरी असेल तर मागच्या आर्मचे बुश, चेसिसच्या मागच्या भागातला गंज आणि डिफरन्शियलचे टेकू तपासा. हे सुटे भाग फक्त याच गाडीचे असल्यामुळे मिळवायला फार त्रास होतो, आणि गंज लागलेली स्वस्त गाडी शेवटी महागच पडते.

शर्यतीतल्या त्या पिढीला पुन्हा पाहायचं असेल तर डकार क्लासिकचं चित्रण शोधा. जुन्या गाड्यांसाठी मुख्य शर्यतीबरोबर सौदी अरेबियात चालणारी ही स्पर्धा आहे. नियमितपणाची, म्हणजे ठरलेला सरासरी वेग राखण्याची, कसोटी तिथे वेगापेक्षा मोठी, आणि त्यात जुन्या पजेरो वाळूत पळताना दिसतात. २०२५ला आपल्या पुण्याचे संजय टकले तिथे लँड क्रूझर घेऊन उतरले होते. पुण्यात रॅली करणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते फार जवळचं वाटलं.

राहिला तुमच्या एसएफएक्सचा प्रश्न. मागचं स्वतंत्र सस्पेन्शन तिच्यात बसणार नाही. त्यासाठी चेसिसचा मागचा भाग कापून नवा बांधावा लागेल, आणि तो कापलेला भाग ना कायद्यात बसतो ना माझ्या अनुभवात टिकतो. मडगार्ड आणि पंख कुणीही बनवून देईल, पण चाकं आतच राहतील आणि वर नुसतं ओझं वाढेल. तोच पैसा तीन ठिकाणी घाला. मागच्या ट्रेलिंग आर्मचे सगळे बुश नवे घाला, कारण या वयाच्या एसएफएक्समध्ये ते हमखास फाटलेले असतात आणि गाडी मागून सरकते ती त्यामुळे. मागचे शॉकॲब्सॉर्बर चांगल्या प्रतीचे, गॅसचे, जाड नळीचे घ्या. तेलाला थंड व्हायला जेवढी जागा जास्त तेवढे ते खडबडीत रस्त्यावर टिकतात. टॉर्शन बार उंचीसाठी पिळून ठेवले असतील तर ते सैल करून मूळ मापावर आणा. पिळलेल्या बारमुळे पुढच्या चाकाला खाली जायला चालच उरत नाही आणि बॉल जॉइंट झिजतात. हे करून गाडी घाटात आणि कच्च्या रस्त्यावर आठवडाभर चालवा, मग सुपर सिलेक्टचा लिव्हर प्रत्येक स्थितीत नीट बसतो का ते पाहा, कारण बराच काळ न वापरलेल्या गाडीत ट्रान्सफर केसवरचे सेन्सर आणि व्हॅक्यूमच्या नळ्या आधी दगा देतात.